रॉकेट लक्ष्याचा पाठलाग करत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. हेलिकॉप्टर नाक वर करून धडाधड रॉकेटं सोडतंय आणि खाली मजकूर: ‘हे रॉकेट स्वतःच लक्ष्य शोधतं, म्हणून वर तोंड करून मारलं तरी चालतं. एका रॉकेटला एक रणगाडा. आपल्या सांबऱ्याला याचाच सराव चालतो.’

बेळगावजवळच्या सांबऱ्याचं आधी उरकू. तिथे वायुसैनिकांची प्रशिक्षण शाळा आहे. विमानांच्या माऱ्याची जाहीर प्रात्यक्षिकं होतात ती राजस्थानात, पोखरणला.

‘स्वतः लक्ष्य शोधतं.’ कशाने शोधणार? उदाहरणार्थ, हेलिकॉप्टरवरून मारतात त्या अमेरिकी 70 मिमीच्या हायड्रा रॉकेटात पुढे फ्यूज (स्फोट घडवणारा भाग), त्यामागे वॉरहेड (स्फोटकं), मग मोटर आणि शेपटीला मिटलेले पंख. सेन्सर नाही, दिशा बदलायची सोय नाही. नळीतून बाहेर पडताच पंख उघडतात, पण ते फक्त रॉकेट गडगडू नये म्हणून. मोटर जेमतेम 1 सेकंद जळते आणि तेवढ्यात वेग सेकंदाला 700 मीटरच्या आसपास जातो. पुढे दिवाळीच्या बाणासारखं, सुटलं ते सुटलं. नाक वर करतात ते पल्ला वाढवायला आणि शत्रूच्या क्षेपणास्त्रांपासून लांब राहायला. त्याची किंमत म्हणजे रॉकेटं फार मोठ्या पट्ट्यात विखुरतात.

‘एका रॉकेटला एक रणगाडा’ हा दावा तर सगळ्यात कच्चा. पंख एकसारखे उघडले नाहीत किंवा मोटरचा जोर किंचित तिरका लागला, की नेम गेला. विमान आडवं सरकत असताना बटण दाबलं तरी तेच. वारा आडवा असेल तर मोटर जळेपर्यंत रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि विझल्यावर वाऱ्याबरोबर वाहतं. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत असेल तर पात्यांचा वारा वरून शेपटीचे पंख दाबतो, नाक वर उचललं जातं आणि रॉकेट लक्ष्याच्या पलीकडे पडतं. म्हणून पायलट शक्यतो पुढे धावत, विमान सरळ ठेवून मारतात.

16 ऑगस्ट 1956 ला कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या दोन एफ-89डी विमानांनी भरकटलेल्या एका विनापायलट हेलकॅट विमानावर मिळून 208 रॉकेटं सोडली. हेलकॅट पडलं नाही. इंधन संपल्यावर आपोआप कोसळलं. रॉकेटांनी खाली वणवे मात्र लावले.

मग रॉकेटं भंगार का? तसंही नाही. डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धात राजस्थानातल्या लोंगेवालाला आपल्या हंटर लढाऊ विमानांनी टी-10 रॉकेटं आणि 30 मिमीच्या तोफांनी रणगाड्यांची दाणादाण उडवली. पण मैदान उघडं होतं, वर पाकिस्तानी विमानं नव्हती आणि हंटर पुन्हापुन्हा फेऱ्या मारत होते. तळ, ट्रकांचा ताफा, खंदकांची रांग अशा पसरलेल्या लक्ष्यावर ही रॉकेटं स्वस्तात काम करतात.

गोंधळाचं मूळ बहुतेक एपीकेडब्ल्यूएस या लेझरच्या मार्गदर्शनाने जाणाऱ्या रॉकेटात असावं. त्यात याच हायड्राच्या वॉरहेड आणि मोटरच्या मध्ये लेझर पाहणारा, हलत्या पंखांचा भाग बसवतात. तेव्हा ते बिनमार्गदर्शनाचं राहतच नाही. आणि तेही लक्ष्य स्वतः शोधत नाही, कुणीतरी लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो. नळ्यांचा पॉड दोन्हींना तोच चालतो, त्यामुळे नुसत्या पॉडवरून ओळखू नका. व्हिडिओत एकामागोमाग एक भराभर सुटत असतील, तर ती साधीच रॉकेटं समजा.