तुरटीने गटाराचं पाणी पिण्याजोगं होत नाही

आमच्या तालुक्याच्या गावचा सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प (एसटीपी) बंद पडलाय आणि नाला सरळ नदीत जातोय. त्यावर एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: एसटीपी बंद म्हणून घाबरू नका, वाहतं पाणी तीन मैलांत आपोआप शुद्ध होतं. घरगुती सांडपाणी म्हणजे फुकटचं खत. उरलेली घाण जलपर्णी ओढून घेते. तुरटी फिरवा आणि नदीकाठच्या विहिरीचं पाणी बिनधास्त प्या. देशात निम्मे प्रकल्प बंदच आहेत, कुठे काय झालं?

असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत नाही. पण खालच्या अंगाच्या गावात राहणाऱ्या माझ्या मावशीने हा वाचून पाणी उकळायचं सोडलं, आणि तिच्या घरात तान्हं नातवंड आहे. म्हणून आधी तुरटीचंच बोलतो.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, त्याच्याबरोबर थोडे जंतूही बसतात. एवढं खरं आहे. पण जे बसत नाहीत ते जिवंतच राहतात. गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे हंड्याचा तळ दिसला म्हणून पाणी पिण्याजोगं झालं असं होत नाही. तुरटी फिरवा, निवळ वरच्यावर काढून घ्या, पण त्यानंतर ते खळखळ उकळा किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) घाला. गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतंय का, पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट होते का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. गावाच्या पाण्याला लाल, म्हणजे धोक्याचं, कार्ड मिळालं असेल तर ते पाणी पिऊच नका.

तान्ह्या बाळासाठी तर उकळणंही पुरत नाही. मैलापाणी विहिरीत झिरपलं की नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. मावशी, बाळाचं पाणी तपासलेल्या दुसऱ्या जागेवरूनच आण. आणि हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या घरातलं लेकरू डोळ्यांसमोर आणून तो परत वाचावा.

आता ते तीन मैल. नदी स्वतःला साफ करते, हे खोटं नाही. पण त्यासाठी भरपूर स्वच्छ पाणी लागतं, प्रवाह लागतो, पाण्यात प्राणवायू लागतो. घाण खाणारे जिवाणू तोच प्राणवायू वापरतात. घाण खाताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल ते बीओडी या मापाने मोजतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, नदीत आंघोळीच्या पाण्याला ३ च्या वर चालत नाही. साधा हिशोब केला तरी एका भागाला ऐंशी-नव्वद भाग स्वच्छ पाणी हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात ते आणणार कुठून? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मांजरा नदीचा मुलूख. पाऊसकाळ सरला की नदीत जे वाहतं ते नाल्याचंच, आणि तेही पुढच्या बंधाऱ्यात तुंबून राहतं.

खताचं म्हणाल तर नत्र आणि स्फुरद त्यात आहे, मान्य. पण त्याबरोबर जंताची अंडीही आहेत. सिंचनाच्या पाण्यात लिटरला एकापेक्षा जास्त अंडं नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या पाण्यावरची कोथिंबीर आणि मुळा आपण कच्चा खातो. जलपर्णी काही घाण शोषते हेही खरं, पण वेळच्या वेळी काढली नाही तर ती तिथेच सडते आणि शोषलेलं सगळं पाण्यात परत जातं. आमच्या बंधाऱ्यावर कोण काढतंय?

राहिला ‘निम्मे बंदच आहेत’ हा मुद्दा. प्रकल्प किती बंद ते सोडा, पाण्याचे आकडे याहून वाईट आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल बघा: देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, प्रकल्पांची उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते फक्त २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभरातलं बहात्तर लिटर तसंच सोडलं जातं. ‘काही बिघडत नाही’ हे यातून निघतं कसं? आपल्या नद्यांची ही गत झालीय त्यात त्या बहात्तर लिटरचा मोठा वाटा आहे. आणि नदीत घाण सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने बंदी आहे, प्रकल्प बंद आहे म्हणून ती उठत नाही.

मी नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतोय: प्रकल्प कधीपासून आणि कशामुळे बंद आहे, देखभालीचा ठेका कोणाकडे होता, वीजबिल किती थकलंय, नाला नदीला मिळतो तिथल्या पाण्याचे नमुने शेवटचे कधी घेतले आणि त्यांचे अहवाल काय आले. खालच्या गावांतल्या कोणाला वेगळा अर्ज करायचा असेल तर मसुदा देतो. तोवर मोठ्यांनी पाणी उकळूनच प्या, आणि बाळाचं तपासलेल्या दुसऱ्या जागेवरूनच आणा.