तारकर्लीत पाणी शिरलेल्या कॅमेऱ्याबद्दल आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

"पैसे अक्षरशः पाण्यात गेले आणि तीस मुलांसमोर मी तोंडघशी पडले," हे तुमचं वाक्य वाचल्यावर लगेच उत्तर लिहिणं मला बरोबर वाटलं नाही. तुम्ही परत पाठवलेला कॅमेरा आधी उघडून बघायचा होता. काल रात्री नवी मुंबईत रबाळ्याला आमच्या कामाच्या गाळ्यात तो उघडला, म्हणून आज लिहिते आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मॅडम ठाण्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी पाण्याखाली चालणाऱ्या कॅमेऱ्याचं आमचं ७,२०० रुपयांचं किट घेतलं. त्यात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, तोंडाला १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती आणि आत छोटा कॉम्प्युटर बोर्ड, कॅमेरा व पॉवर बँक असते. मुलांनी वर्गात ते स्वतः जोडलं. ऐरोलीच्या खाडीत त्यांना चहाच्या रंगाच्या पाण्याशिवाय काही दिसलं नाही. मोबाईलवर लाइव्ह चित्र आलं नाही. मग सहलीत तारकर्लीला बोटीवरून फक्त तीन मीटर खाली सोडल्यावर आत पाणी शिरलं, आणि आमच्या फोनवरच्या मुलाने "तुम्हीच नीट बंद केला नसेल" असं तोडून सांगितलं.

फोनचं आधी. त्याने तसं बोलायला नको होतं. कॅमेरा न बघता कुणाची चूक हे ठरवायचं नसतं. त्याच्या वतीने मी माफी मागते.

आता पाण्याचं. मागचं झाकण काढलं तेव्हा बोर्डवर मिठाचे पांढरे कण धरले होते. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची गोल कडी, काढून भिंगाखाली धरली. एका जागी वाळूची एकच कणी रुतलेली होती, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तिच्या शेजारी रबरावर नखाने ओढावी तशी बारीक रेघ उमटली होती. पाणी तिथूनच शिरलं. बोटीवर मेमरी कार्ड बदलायला तुम्ही झाकण उघडलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. कणी तेव्हाच बसली असणार.

"दहा मीटर चालतो म्हणता आणि तीन मीटरवर भरतो?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर वाटतं त्याच्या उलट आहे. दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब वाढतो. आमच्या चकतीचा पाण्याला लागणारा भाग दहा सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे दहा मीटरवर तिच्यावर ७८ किलोच्या आसपास भार येतो. एक धडधाकट माणूस वर उभा राहावा इतका. हा भार चकती आणि झाकण रिंगवर आणखी घट्ट दाबतो. उथळ पाण्यात तो आधार नसतो, रिंग फक्त बोल्टच्या ताकदीवर बसलेली असते. म्हणून कॅमेऱ्याचे स्वस्त घरगुती डबे काय किंवा लाखाच्या घरातले डायव्हिंगचे डबे काय, पाणी बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच आणि बहुतेक वेळा केस, धागा किंवा वाळू यामुळेच शिरतं.

मग चूक कुणाची? प्रत्येक वेळी उघडल्यावर रिंग खाचेतून काढायची, सुती नव्हे तर धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, बोटाने सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा आणि रिकामा पाइप अर्धा तास बादलीत दाबून ठेवायचा. हे आमच्या माहितीपत्रकात आहे, पण चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. आणि किटमधली ग्रीसची पुडी एका वेळेपुरतीच होती. हलत्या बोटीवर, तीस मुलं भोवती असताना चौथं पान कोण काढून बघणार? ही चूक आमची आहे. यापुढच्या प्रत्येक किटच्या झाकणावर लाल पट्टी असेल आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात "उघडलं? रिंग, ग्रीस, बादली" एवढंच लिहिलेलं असेल. ग्रीसची पूर्ण ट्यूब आणि दोन जादा रिंगा डब्यातच मिळतील. ज्यांनी आधी किट घेतलंय त्यांनी कळवावं, त्यांनाही पाठवू.

आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या तक्रारीत नाही. चकतीच्या बोल्टांच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा आल्या आहेत. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसल्यावर अ‍ॅक्रिलिकला अशा भेगा जातात, आणि बोल्टचा ताण असतो तिथे आधी जातात. या वेळी पाणी तिथून आलं नाही, पण पुढच्या वेळी आलं असतं. चकती साबणाच्या पाण्याने धुवायची, दुसरं काही लावायचं नाही. हे मात्र आम्ही कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे नवी चकती आमच्याकडून.

हेअर ड्रायरने सुकवून तुम्ही तो पुन्हा चालू करून बघितलात, तिथे बोर्ड गेला. समुद्राचं पाणी वाळलं तरी मीठ मागे राहतं, आणि मिठावर हवेतली ओल धरली की करंट सुरू होताच तांबं खाल्लं जातं. आत पाणी शिरलं की पहिलं काम पॉवर बँक काढायची. मग बोर्ड लगेच गोड्या पाण्यात, शक्य असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून मीठ घालवायचं आणि दोन दिवस वाळवायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण बोर्ड वाचवायचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

खाडीबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही लिहिलंत, "कॅमेरा इतका भिकार की हातभर अंतरावरचं दिसत नाही." मॅडम, ठाण्याच्या खाडीत हातभर अंतरावरचं कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. तळ गाळाचा आहे आणि दिवसातून दोनदा येणारी भरती तो गाळ ढवळून काढते. शहरांचं सांडपाणी येतं हेही खरं आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण गाळ हा खाडीचा स्वभाव आहे. त्याच गाळातल्या शेवाळावर आणि बारीक जिवांवर फ्लेमिंगो जगतात. त्यांच्यासाठी ऐरोली पूल ते वाशी पूल हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पाणी काचेसारखं नितळ असतं तर ही खाडी अशी राहिलीच नसती. (अभयारण्याच्या हद्दीत कॅमेरा सोडायचा असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, शाळेचं पत्र जोडून.)

तुम्ही दिवाही लेन्सला चिकटून लावला होता. पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यात हेडलाइटचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तेच पाण्यात होतं. उजेड गाळाच्या कणांवर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो. दिवा पट्टीवर वीत-दीड वीत बाजूला घ्या आणि तिरका करा.

आणि खाडीत खरोखर काही बघायचं असेल तर लेन्ससमोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा बंद डबा लावा, मिठाईच्या डब्याएवढा, आत गाळलेलं स्वच्छ पाणी भरलेला. कोळंबी किंवा बोय माशाचं पिल्लू डब्याच्या काचेपाशी आलं की त्याच्या आणि लेन्सच्या मध्ये गढूळ पाणी बोटभरच उरतं. वेळही निवडावी लागते. उधाणाला जाऊ नका, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते तेव्हा पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ जरा खाली बसतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती, आत खाडीत थोडी उशिरा, तोवर उजाडलेलंही असतं. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं ती दहा-पंधरा मिनिटं तुमची.

लाइव्ह चित्राचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. वायफाय पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, काही इंचांतच मरतो. आमच्या पानावर "मोबाईलवर लाइव्ह" असं लिहिलं होतं, ते कोरड्यात चाचणी घेण्यापुरतं आणि केबलवाल्या मॉडेलपुरतं खरं आहे. साध्या किटमध्ये आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं, मग पाण्यात सोडायचं. ते वाक्य कालच बदललं.

"ऑनलाइन याच्या निम्म्या किमतीत तयार कॅमेरा मिळतो" हेही खरं. मिळतो. तो भरला की फेकून द्यावा लागतो. आमचा पाइप कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो आणि तुमच्या सातवीच्या मुलांना आता तो जोडता येतो. मी किट विकते ते त्यासाठी.

नवा बोर्ड, नवी चकती, रिंगा, ग्रीस आणि खाडीसाठी स्वच्छ पाण्याचा डबा आज कुरियर केलं आहे, त्याचे पैसे नाहीत. किट नकोच असेल तर ते परत पाठवा, ७,२०० रुपये पूर्ण परत देईन.

पार्सलमध्ये एक पेनड्राइव्हही आहे. तुमचं मेमरी कार्ड धुऊन वाळवल्यावर उघडलं. तारकर्लीची अकरा मिनिटं त्यावर शाबूत आहेत. पहिली चार नुसती हलणारी वाळू आहे. पाचव्या मिनिटाला पिवळट, काळे पट्टे असलेले मासे येतात, मी नऊ मोजले. सातव्या मिनिटाला शंखातला खेकडा डावीकडून चालत येतो, चकतीला पाय लावतो आणि जवळजवळ मिनिटभर तिथेच उभा राहतो. त्याच्या मागून बोटीवरच्या मुलांचा आवाज पाण्यातून अस्पष्ट ऐकू येतो. नवव्या मिनिटाला कोपऱ्यात पहिला थेंब दिसतो. मुलांना हे सगळं दाखवा, थेंबासकट.