‘पालकांना शाळेतलं काय कळतं?’ विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

वहिनी गावच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. परवा तिचा फोन आला, “भाऊजी, आमची समिती नुसती सहीपुरती असते म्हणे. खरंय का?” मेसेज तोच, सगळ्या ग्रुपांवर फिरणारा. वीसच्या आतल्या पटाच्या शाळा बंद करा, मुलं गाडीने मोठ्या शाळेत न्या. शिक्षकांची आंदोलनं पगारासाठीच असतात. गावकऱ्यांना शाळेतलं काही कळत नाही, त्यापेक्षा शाळा कंपन्यांना देऊन टाका. खाली ‘देशहितासाठी पुढे पाठवा’ आहेच.

आधी ते ‘काही कळत नाही’ बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २१ काढून वाचा. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते तपासणं ही समितीची कामं. कलम २२ तर म्हणतं की सरकारने आणि झेडपीने अनुदानाचं नियोजन याच आराखड्याच्या आधारे करायचं. छप्पर गळतंय, पोषण आहाराचा तांदूळ कमी आला, हे विचारायला बी.एड. लागत नाही.

हो, पुष्कळ गावांत समिती कागदावरच असते. इतिवृत्त आधीच लिहून ठेवतात आणि सह्या घरोघर फिरून गोळा करतात. मुख्याध्यापकांनाही ते सोयीचं पडतं, आणि शिक्षक संघटना यावर फारसं बोलत नाहीत. हे मान्य. पण अधिकार आहे म्हणूनच तर सही लागते ना? वहिनीला म्हटलं, वाचल्याशिवाय सही करू नकोस, खर्चाची वही माग, ठराव लेखी दे आणि पोच घे.

शिवाय वरची परिस्थिती बघा. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं तिथे प्रशासक बसले. सदस्य नव्हते, म्हणून झेडपीची शिक्षण समितीही नव्हती. शाळेबद्दल प्रश्न विचारायला लोकांच्या हातात उरली होती ती गावातली समिती आणि ग्रामसभा. नेमकं तेच निकामी म्हणून सांगायचं, याला काय म्हणावं?

आता गाडी. २०२३ साली शासनाने समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायचा विषय काढला, तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या शाळा होत्या १४,७८३ आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. नियमाने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. वाहनाची तरतूद आहे, पण ती जवळपास शाळाच नसलेल्या वस्त्यांतल्या मुलांसाठी. चालू शाळा उठवायची आणि मग गाडी पुढे करायची, यासाठी ती नाही. आणि ती गाडी जुलैत ओढ्याला पाणी आलं की येणार आहे का? मोठी मुलं एखादवेळी कशीही जातील, सहा वर्षांच्या मुलीला मात्र घरी बसवतील. एकाच शिक्षकावर चार वर्ग चालतात ही अडचण खरी आहे. त्याला उपाय दुसरा शिक्षक देणं हा आहे.

आणि तो दुसरा शिक्षक मागितला की ‘पगारासाठी ओरडतात’. २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली, ती संचमान्यतेचे (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याचे) नवे निकष आणि छोट्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय यांच्याविरुद्ध. जुन्या पेन्शनसाठीही मोर्चे निघतात, नाकारत नाही. पण एका आंदोलनात पेन्शनची मागणी असली म्हणून दुसऱ्यातली शिक्षकांची मागणी खोटी ठरते का?

कंपन्यांचं थोडक्यात. दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय १८ सप्टेंबर २०२३ चा. ग्रामीण शाळेला ५० लाखांची मदत केली की शाळेला देणगीदाराचं नाव पाच वर्षं, एक कोटी दिले की दहा वर्षं. मदत घ्या, कोण नको म्हणतंय? पण मुदत संपल्यावर छप्पर पुन्हा गळायला लागलं, तर अर्ज झेडपीकडेच जाणार आहे, आणि तो समितीतले पालकच लिहिणार आहेत.