निकोबारचा धक्का आणि केरीची सुकती

अमावास्येच्या पहाटे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या केरीहून काकीचा फोन आला. "बाबा, पोरांना घेऊन वर देवळात जाऊन बसू काय रे?" तिच्या मोबाइलवर आलेला मेसेज तोवर मलाही चार ग्रुपांतून आला होता: ‘निकोबारच्या किनाऱ्याजवळ 4.5 रिश्टरचा भूकंप. खोली फक्त 10 किलोमीटर, म्हणजे अत्यंत धोकादायक. ही मोठ्या भूकंपाची नांदी आहे. 24 तासांत त्सुनामी. गोव्याचा समुद्र आत्ताच मागे हटतोय. सरकार लपवतंय.’ एका म्हाताऱ्या बाईची झोप उडवणाऱ्या या मेसेजचं एकेक वाक्य तपासून बघू.

आधी ते 10 किलोमीटर. भूकंपांच्या याद्या चाळल्या तर हा आकडा इतक्यांदा दिसतो की शंका यावी. खोली नीट काढायची तर भूकंपमापक भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ लागतो. निकोबारभोवती समुद्रच समुद्र, मापक विरळ. सगळ्या नोंदी लांबच्या असल्या की धक्का जरा आधी पण उथळ बसला, की जरा नंतर पण खोल, हे वेगळं काढता येत नाही. मग खोली एका ठरावीक आकड्यावर धरून बाकीचं गणित सोडवतात. तो आकडा बहुधा 10. पूर्वी 33 धरायचे. म्हणजे ज्यावर ही सगळी भीती उभी आहे, तो आकडा मोजलेला नसून धरलेला असू शकतो.

आणि उथळ म्हणजे तरी काय? 70 किलोमीटरपर्यंतचा प्रत्येक भूकंप उथळच म्हणतात. उथळ धक्का त्याच्या माथ्यावरच्या गावांना जोरात बसतो, हे 1993 साली किल्लारीत आपण पाहिलं. पण निकोबार गोव्यापासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर आहे.

त्सुनामी यायची तर समुद्राचा तळ मोठ्या पट्ट्यात वर-खाली व्हावा लागतो, आणि त्याला साधारण 7 च्या आसपासचा किंवा वरचा भूकंप लागतो. 26 डिसेंबर 2004 चा भूकंप 9.1 चा होता. सुमारे 1300 किलोमीटर लांबीचा भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, फाटला आणि निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. त्या हिशेबाने 4.5 चा धक्का 2004 च्या सुमारे 80 लाखावा भाग. ती लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळात कोल्लमपर्यंत माणसं घेऊन गेली, मुरगाव बंदरातल्या मापकावरही उमटली. पण ती 9.1 ची लाट होती!

‘नांदी’ म्हणाल तर निकोबारजवळ 4-5 चे धक्के वर्षभर बसत असतात. त्यांतल्या बहुतेकांमागून काहीच मोठं येत नाही. एखाद्यामागून येऊ शकतं, पण कुठल्या, ते आधी सांगण्याची विद्या जगात कुणाकडेही नाही. 24 तासांचा वायदा करणारा म्हणूनच खोटा.

समुद्र मागे हटला, हे खरं. अमावास्येच्या उधाणात आपल्याकडे भरती-सुकतीत (सुकती म्हणजे ओहोटी) सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. केरीच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला विचारा, त्या पहाटेची सुकती किती वाजताची होती हे तो पंचांगावरून सांगेल.

लपवण्याचं म्हणाल तर हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र 2007 पासून चालू आहे आणि त्याची पत्रकं कुणालाही वाचता येतात.

आपल्या किनाऱ्याला काळजी करायची तर ती पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याची. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथल्या 8.1 च्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि तिथे माणसं दगावली. अरबी समुद्राकडे तोंड असलेल्या गोव्याने लक्षात ठेवायचं ते हे, पण मेसेजात त्याचा शब्द नाही.

काकीला मी म्हटलं, "आज पोरांना झोपू दे. पण कधी पायाखालची जमीन उभं राहवणार नाही इतकी हलली, तर माझ्या फोनची वाट बघू नकोस. पोरांना घे आणि देवळाची घाटी चढ."