ट्रॉलीचं काय?

ट्रॅक्टरच्या विम्यावरच्या या लेखात थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा) आणि फुल इन्शुरन्स (आपल्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा पण) यातला फरक छान समजावलाय पण ट्रॉलीचा विषय राहूनच गेला आणि आमच्या सांगली कोल्हापूरकडं खरी अडचण तिथंच होते. ट्रॅक्टरची पॉलिसी काढली म्हणजे ट्रॉली आपोआप त्यात येते असं लोकं धरून चालतात, तसं नसतंय. ट्रॉलीचा चेसिस नंबर पॉलिसीवर लिहिलाय का ते बघा, दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हीचे. रोटाव्हेटर, ब्लोअर अशी ट्रॅक्टरला जोडायची अवजारं पण वेगळी लिहून घ्यावी लागतात नाहीतर त्याचा रुपया मिळत नाही.

दुसरं म्हणजे शेतीकामासाठी म्हणून पॉलिसी घ्यायची आणि सीझनला दुसऱ्याचा ऊस भाड्यानं कारखान्याला ओढायचा, मग अपघात झाला की कंपनी वापर बदलला म्हणून क्लेम अडवते. वाहतूक करणार असाल तर एजंटला आधीच स्पष्ट सांगा, हप्ता वाढला तरी चालेल.

आणि मडगार्डवर माणसं बसवू नका हो, कळकळीनं सांगतोय. ट्रॅक्टरला सीट एकच, ड्रायव्हरची, बाजूला बसलेला पडला तर भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली ट्रॅक्टरची किंमत, ती पण बघा, चार वर्षं झाली की 50 टक्के घसारा धरतात, म्हणजे 8 लाखाचा ट्रॅक्टर चोरीला गेला तर 4 लाखच्या आसपासच हातात येणार, बँकेचं कर्ज त्याच्यापेक्षा जास्त राहिलं असेल तर वरचे पैसे तुम्हालाच भरावे लागतात.