विंडोजमध्ये पीडीएफ थेट जोडल्या जात नाहीत

पीडीएफ जोडण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, विंडोजमध्ये चार पीडीएफ निवडून 'प्रिंट' दाबा, एकच फाइल होते. नाही होत जी. प्रत्येकीसाठी वेगळं नाव विचारलं जातं. अशा एकत्र जोडल्या जातात ते फोटो. मार्कशीटचे जेपीजी ०१, ०२ असे नाव देऊन सगळे निवडा, ०१ वरच राइट-क्लिक करून प्रिंट, प्रिंटर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. खालची 'फिट पिक्चर टू फ्रेम'ची खूण काढा, नाहीतर कडा कापल्या जातात अन् नेमका शिक्का अर्धा येतो. मॅकवर मात्र पीडीएफ जोडता येतात: एक फाइल प्रिव्ह्यू अॅपमध्ये उघडून थंबनेल, म्हणजे पानांची छोटी चित्रं, दाखवायची अन् दुसरी फाइल त्या चित्रांवर ओढायची. पण आधी कॉपी काढा, मूळ फाइलच बदलते. एवढ्यासाठी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात कशाला जायचं?