अ‍ॅनालॉग ड्रम मोड्यूलविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून घेतलेल्या अ‍ॅनालॉग ड्रम मोड्यूलला आपण दोन तारे दिले आहेत. किक (ड्रमचा खर्जातला ठोका) कधी वाजते, कधी वाजतच नाही, वाजली तरी पोकळ लागते आणि काल जमलेला आवाज आज सापडत नाही, असे आपले म्हणणे आहे. सोबत जोडणीचे छायाचित्रही दिल्यामुळे मला नेमके उत्तर देता येते.

या मोड्यूलमध्ये ध्वनिमुद्रित केलेला एकही आवाज साठवलेला नाही. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकप्रमाणे यातही रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचे एक सर्किट आहे. बाहेरून विजेचा छोटा पण धारदार स्पंद आला की ते टोल दिलेल्या घंटेसारखे थरथरते आणि हळूहळू शांत होते. ती थरथर म्हणजेच किक, त्यामुळे टोल कसा पडतो याला फार महत्त्व आहे. आपल्या छायाचित्रात ट्रिगरच्या, म्हणजे ठोक्याचा स्पंद घेणाऱ्या, जॅकमध्ये एलएफओची (संथ लहरी देणाऱ्या सर्किटची) त्रिकोणी लहर गेलेली दिसते. ती संथपणे चढत असल्याने सर्किटला हवा तसा धक्का बसत नाही. त्याच एलएफओची चौकोनी लहर किंवा सिक्वेन्सरचा (ठोक्यांचा क्रम चालवणाऱ्या यंत्राचा) पाच व्होल्टचा गेट, म्हणजे चालू-बंद होणारा संकेत, वापरून पाहावा, अशी विनंती आहे.

पोकळपणाचे कारण बहुधा स्पीकर असावा. अशा किकचा खर्ज ५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो ऐकूच येत नाही; चांगले हेडफोन लावून एकदा ऐकावे.

शिमग्याच्या पालखीपुढचा ढोल आपल्याला उभा करायचा आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. त्यासाठी एकटी किक पुरणार नाही, कारण ढोलाचा खर्ज आणि टिपरूचा कडक फटका हे दोन वेगळे आवाज आहेत. खर्जासाठी किकचा पिच (स्वराची उंची) खाली आणि डिके (आवाज विरण्याचा वेळ) मध्यम ठेवावा. फटक्यासाठी नॉइज (खरखर) बँडपास फिल्टरमधून, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलेच स्वर जाऊ देणाऱ्या फिल्टरमधून, नेऊन त्याला अगदी आखूड एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचा आकार) द्यावा, आणि एकच गेट मल्टिपलमधून (एक संकेत अनेक ठिकाणी वाटणाऱ्या जोडणीतून) दोन्हीकडे वाटावा. अ‍ॅक्सेंटच्या (ठोक्याचा जोर ठरवणाऱ्या) जॅकला बदलते व्होल्टेज दिले की ठोके एकसारखे राहत नाहीत, आणि माझ्या मते ढोलाचा जीव त्यातच आहे. चामड्याचा ताण यात हुबेहूब येणार नाही, हे मात्र मी आधीच सांगतो.

मोड्यूलला स्मृती नाही, म्हणून जमलेल्या आवाजाच्या वेळी नॉब्जचे छायाचित्र काढून ठेवावे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत केबलचे टोकही अधूनमधून कोरड्या कापडाने पुसावे लागते.

चौकोनी लहरीवरही ठोके चुकले, तर मोड्यूल आणि तीच केबल घेऊन दुकानात यावे. आपल्यासमोर तपासून, दोष मोड्यूलचा निघाल्यास ते विनामूल्य बदलून देऊ.